घर आईचं, पण पोटगीचं काय?
तुमच्या लेखात म्हटलंय की मेघालयातला खासी समाज मातृवंशीय, म्हणजे कूळ आईकडून चालणारा, म्हणून तिथल्या बायकांना विवाहनोंदणीची गरज नाही. हे पटलं नाही. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं शिलाँगला होते. इयूदुहच्या बाजारात सुपारीचे तुकडे, पान, चुना मांडून बसणारी माझी ओळखीची बाई एकटीच तीन मुलं वाढवत होती. नवरा निघून गेला, दुसरीकडे संसार मांडला. मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात, त्यामुळे तिला कुणी नावं ठेवली नाहीत, हे खरं. पण पोटगी मागायला लग्नाचा एक कागदही हाताशी नव्हता! शिवाय वडिलोपार्जित घर जातं धाकट्या मुलीकडे, खद्दुहकडे, आणि तिथंही मामाचा शब्द मोठा. ही बाजारातली बाई तर थोरली. तिच्या वाट्याला काय आलं असेल?

मेघालयाने 2012 मध्ये नोंदणी सक्तीची करणारा कायदा केला तो उगाच नाही. आता तो गावोगावी पोचायला हवा. नोंदणीने कूळ बदलत नाही, वारसा बदलत नाही. फक्त बापाला जबाबदारी झटकून सहज निघून जाता येत नाही.