आधी कृपा, मग शांती. उलटं कुठेही लिहिलेलं नाही

आज सकाळी पावणेसातला आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर गुलाबी सूर्योदय उगवला. तळं, तळ्यात कमळ, वर पांढरं कबूतर आणि खाली पिवळ्या अक्षरांत: ‘मन शांत ठेवा, देवाची कृपा आपोआप होईल.’ कोपऱ्यात बारीक अक्षरात बायबलमधल्या वचनाचा आकडा, फिलिप्पै ४:७. पटापट हात जोडले गेले, दोन-चार ‘आमेन’ पडले. रविवारी सकाळी असलं येतंच. अंगठ्याने वर सरकवायचं आणि चहा घ्यायचा.

पण आज पहिला रविवार. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायच्या वेळी, तिसऱ्या बाकावरच्या मावशी जागच्या उठल्याच नाहीत. शेजारणीने कोपराने खुणावलं, तर हळूच म्हणाल्या, “मन शांत नाही गं माझं. पोरगा दोन महिने बोलत नाही. असल्या मनानं पुढं कशी जाऊ? सकाळी आलंय की मोबाइलवर.”

म्हणून हे लिहितोय, आणि चिडून लिहितोय.

ज्या वचनाचा आकडा त्या कमळाखाली चिकटवलाय, ते वचन नेमकं याच्या उलट आहे. सातव्या ओवीच्या आधी सहावी असते, एवढं तरी बघावं. सहावीत माणूस चिंतेत आहे. त्याला सांगितलंय: प्रार्थना कर, विनंती कर, आभार मान आणि तुझी मागणी देवाला कळव. मन शांत करून मग ये, अशी अट त्यात शोधून सापडणार नाही. मागणी घेऊन माणूस येतो तो अस्वस्थ असतो म्हणूनच. आणि त्याच अध्यायात दुसऱ्या ओवीत काय आहे? यूवदीया आणि सुंतुखे या दोन बायांचं पटत नाहीये, आणि हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल दोघींची नावं घेऊन, दोघींना वेगवेगळी विनंती करतोय. अख्ख्या मंडळीपुढे वाचलं जाणार होतं ते पत्र! लिहिणारा स्वतः बेड्यांत. म्हणजे कैदेतल्या माणसाने भांडण चालू असलेल्या मंडळीला लिहिलेलं हे वचन आहे. त्याच्यावर कमळ कुठून उगवलं?

सातवी म्हणते, देवाची शांती तुमची मनं राखील. त्यातलं क्रियापद तर पहाऱ्याचं आहे. आपल्याकडे ‘राखील’ असं भाषांतर आहे, आणि ते चांगलं आहे, शेत राखतात तसं. मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या चौकीतला. फिलिप्पै ही रोमी वसाहत, तिथे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं, त्यामुळे पहारा म्हणजे काय हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असणार. शांती राखणार आणि मन राखलं जाणार, असं ते वाक्य आहे. मावशींनी मन राखायचं, मग बक्षीस म्हणून वरून काहीतरी मिळायचं, असं नाही.

आता मूळ मुद्दा. पौलाच्या नावावरची १३ पत्रं काढा. तेराही पत्रांच्या सुरुवातीला सलामात कृपा आधी, शांती नंतर. तीमथ्याला लिहिलेल्या दोन पत्रांत मध्ये ‘दया’ आली, पण कृपेची पहिली जागा कुणी घेतली नाही. त्या काळी ग्रीक पत्राची सुरुवात ‘खैरेइन’ या शब्दाने व्हायची, आपल्या ‘सप्रेम नमस्कार’सारखी. प्रेषितांची कृत्ये २३:२६ मध्ये रोमी सरदार क्लौद्य लुसिया सुभेदाराला पत्र लिहितो ते तसंच. पौलाने त्याच्याच नात्यातला ‘खारिस’ म्हणजे कृपा हा शब्द उचलला आणि त्याला यहुद्यांचं ‘शालोम’ म्हणजे शांती जोडलं. ग्रीकमध्ये शब्दांचा क्रमही बघण्यासारखा आहे: ‘कृपा तुम्हांला आणि शांती.’ तुम्ही मध्ये आहात. कृपा तुमच्यापर्यंत पोहोचली, तिच्यामागून शांती आली.

आणि हा सलाम शहाण्यासुरत्या मंडळ्यांनाच जातो असंही नाही. गलतीच्या मंडळ्यांवर पौल इतका भडकलेला आहे की नेहमीचं आभारप्रदर्शनसुद्धा गाळून थेट ‘मला आश्चर्य वाटतं’ म्हणत अंगावर येतो. पण त्याच्या आधी, तिसऱ्या ओवीत, कृपा व शांती आहेच. करिंथकरांची लफडी तर विचारू नका. त्यांनाही आहे.

घोळ थोडा आपल्या मराठीचाही आहे, हे कबूल. आपल्याकडे शांत ‘करतात’. वास्तुशांत, ग्रहशांत, साठीची शांत. साहित्य आणा, विधी करा, शांत होते. हा शब्द बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आला तरी जुनी सवय सोबत घेऊन आला. इब्री म्हणजे हिब्रू ‘शालोम’चा बाज वेगळा. त्याच मुळापासून देणं चुकतं करण्याचं क्रियापद निघतं. हिशेब पुरा झाला, काही तुटलेलं उरलं नाही, हा त्यातला अर्थ. दुसरे शमुवेल ११:७ मध्ये दावीद राजा उरीया या सैनिकाला सेनापती यवाबाचं शालोम विचारतो, लोकांचं विचारतो आणि लढाईचंही शालोम विचारतो! लढाईची कसली आलीय शांतता? तळ्यावरच्या नीरवतेशी या शब्दाचा फारसा संबंध नाही, हे त्यावरून कळावं.

आता पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रातलं रोम ५:१. विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे आपल्याला प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर शांती आहे. ‘देवाबरोबर’ हा शब्द अधोरेखित करा. ही समेटाची शांती आहे, वैर मिटल्याची. रात्री झोप लागली की नाही, छाती धडधडते की नाही, यावर ती हलत नाही. फिलिप्पै ४:७ मधली ‘देवाची शांती’ ती वेगळी. ती अनुभवाची, म्हणून ती कधी भरून येते, कधी आटते. चूक होते ती इथे: दुसरी आटली की माणसं समजतात पहिलीही गेली. मावशींचं नेमकं हेच झालं. पोराने फोन उचलला नाही, आणि त्यांनी देवाकडचं खातंच बंद झालं असं धरलं.

कुणीतरी अभ्यासू येऊन सांगेलच, म्हणून आधीच सांगतो: होय, रोम ५:१ च्या बऱ्याच जुन्या हस्तलिखितांत ‘आहे’च्या ग्रीक क्रियापदात ऱ्हस्व ‘ओ’च्या जागी दीर्घ ‘ओ’ आहे, आणि मग अर्थ ‘आपल्याला शांती आहे’ऐवजी ‘शांती असू द्या’ असा होतो. पौल तोंडी सांगत होता, तर्तियस लिहून घेत होता, आणि दोन्ही उच्चार कानाला जवळजवळ सारखेच. पण दीर्घ ‘ओ’ धरला तरी ‘नीतिमान ठरल्यामुळे’ हे आधीच घडून गेलेलं आहे. आणि दुसऱ्या ओवीत ‘ज्या कृपेत आपण उभे आहोत’ आहे. उभे आहोत. पाय कृपेवर आहेत, मग मन कितीही डगमगू दे.

आता प्रभुभोजनाबद्दल, कारण खरा राग तिथला आहे. प्रभुभोजनाचा अध्याय, १ करिंथ ११, दरवेळी वाचतात आणि दरवेळी माणसं घाबरून बसतात. अहो, तिथे ‘अयोग्य प्रकारे’ खाण्याबद्दल लिहिलंय. क्रियाविशेषण आहे ते. ‘अयोग्य माणसाने खाऊ नये’ असं म्हटलं असतं तर भाकर मोडणाऱ्यासकट कुणालाच खाता आली नसती. करिंथात प्रकार काय चालला होता ते २१ व्या ओवीत आहे: एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. ज्यांच्याकडे आहे ते आधीच खाऊन मोकळे. हा तो अयोग्य प्रकार. आणि २८ वी ओवी म्हणते, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. ‘मग खावी.’ परीक्षा करून बाकावर बसून राहावं, असं नाही. पाळकांनो, ही ओवी वाचताना शेवटच्या शब्दांवर जरा जोर द्याल का? तुम्ही ‘परीक्षा’ शब्दावर इतका वेळ थांबता की पुढचं ऐकायला मंडळी जागेवर उरतच नाही.

मत्तय ५:२३-२४ मला माहीत आहे. वेदीपाशी अर्पण ठेव, आधी भावाशी समेट कर. मान्य, आणि ते नुसतं मान्य करून चालत नाही, करावंही लागतं. पण मावशींनी फोन केलेत, उचलले जात नाहीत. रोम १२:१८ मध्ये त्यासाठीच ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ असे दोन-दोन खुंटे ठोकलेत. समोरच्याने हात पुढे केला नाही याची शिक्षा हात पुढे केलेल्याला नसते.

उपासनेच्या शेवटी आशीर्वचन झालं तेव्हा त्या मान खाली घालून उभ्या होत्या. ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ हे, गणना ६:२४-२६. इब्रीत तीन ओळी: तीन शब्द, पाच शब्द, सात शब्द. प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लांब, हात पसरत जावेत तशी. दुसऱ्या ओळीचा शेवट कृपेवर, तिसरीचा शालोमवर. (१९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या कबरींत चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. त्यांतल्या एकीवर हे आशीर्वचन त्रोटक आहे आणि त्यात कृपेचे शब्द गळलेत, परमेश्वराच्या मुखप्रकाशावरून थेट शांती. असो. जागा कमी असेल.) मराठीत ‘देवो’, ‘करो’, ‘पाडो’. तिन्ही ओळींचा कर्ता परमेश्वर, आपण फक्त ‘तुला’ आणि ‘तुझ्यावर’. आपल्याकडे काम एकच, उभं राहून ऐकायचं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढे त्यांनीच लिहिलंय की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो उमगायला आणखी आठेक वर्षं गेली. ती आठ वर्षं कृपा त्यांच्यावर नव्हती, असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांना कुणी सूर्योदय पाठवला नाही हे आपलं नशीब.

जरा राग उतरला. ज्यांनी तो फोटो टाकला त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मला माहीत आहे. एवढंच करा, तो काढा, आणि ४:७ टाकायचं असेल तर ४:६ सकट टाका.

आणि पाळकसाहेब, पुढच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला तिसऱ्या बाकापर्यंत घेऊन या. मावशींचे गुडघेही धरलेत, कठड्याशी टेकता येत नाही त्यांना.