अणू नववीपर्यंत थांबवा, म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे गोव्यातील पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सहावी ते आठवीच्या मुलांना द्रव्य, अणू आणि मूलद्रव्ये समजावण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, कारण अणू दिसत नाही आणि न दिसणारी गोष्ट बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून या तीन वर्षांत पहिल्या वीस मूलद्रव्यांची नावे आणि संज्ञा पाढ्यांसारख्या पाठ करून घ्याव्यात आणि समज नववीवर सोडावी, ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही, त्यांना याहून अधिक जमणारच नाही, आणि मूलद्रव्य, संयुग असले मराठी शब्द मुलांचा गोंधळ वाढवतात, तेव्हा पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाला फक्त इंग्रजी शब्द द्यावेत. लिहिणाऱ्याची मुलांबद्दलची कळकळ खरी असावी असे मी मानतो. परंतु डिचोली तालुक्यात बरीच वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर हे चारही मुद्दे मला चुकीचे वाटतात, आणि पहिला सर्वांत अधिक.

अणू दिसत नाही, हे साध्या डोळ्यापुरते खरे आहे. झुरिक येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी तयार केलेल्या सूक्ष्मदर्शकाने पुढे पृष्ठभागावरचे एकेक अणू दाखवले आणि १९८६ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही या मुद्द्याचे खरे उत्तर ते सूक्ष्मदर्शक नव्हे. विज्ञानाला अणू पटला तो त्याच्या कितीतरी आधी, आणि न पाहताच पटला. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ साली परागकणांतील बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. पाण्याचे अदृश्य कण त्यांना सगळीकडून ढकलत असतील तर ती हालचाल किती असावी, याचे गणित आइनस्टाइन यांनी १९०५ साली मांडले. आणि झां पेरँ यांनी मोजमापे घेऊन ते जुळवून दाखवले, तेव्हा विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारख्या कट्टर विरोधकानेही आपले मत बदलले. आपल्या प्राचीन वैशेषिक दर्शनाच्या परंपरेतही कौलांच्या फटीतून आलेल्या कवडशात तरंगणारा कण हा दिसणाऱ्यांपैकी सर्वांत लहान मानून, त्याच्याही पोटात न दिसणारे परमाणू असले पाहिजेत, असा तर्क केलेला आहे. ते परमाणू पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे असल्यामुळे त्यांना आजच्या अणूंच्या जागी बसवता येत नाही, पण दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याकडे जाण्याची वाट तीच आहे, आणि त्या वाटेवर बारा वर्षांचे मूल सहज चालते. शेजारच्या घरी बांगडे तळत आहेत हे त्याला आपल्या ओसरीवर बसून कळते. मग बांगडा तिकडे असताना इकडे नेमके काय आले, हा प्रश्न त्याला विचारून पाहावा.

सातवीच्या वर्गात मी नेहमी एक साधा प्रयोग करीत असे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भांड्यासह २०० ग्रॅम पाणी मोजायचे, वेगळे २० ग्रॅम मीठ मोजायचे, आणि मीठ पाण्यात विरघळून दिसेनासे होईपर्यंत ढवळल्यावर काटा काय दाखवील, ते प्रत्येकाने आधी वहीत लिहायचे. दरवर्षी निम्म्याहून अधिक वह्यांत २०० हाच आकडा असे, कारण मीठ "गेले". एका वर्षी एका मुलीने २२० लिहिले होते. कारण विचारल्यावर ती म्हणाली, की तिचा मामा पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरात काम करतो. पाण्यात मीठ नाहीसे होत असेल, तर उन्हाने पाणी आटल्यावर मामाच्या कोंडीत ते येते कुठून? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात हे तिला ठाऊक नव्हते, पण मीठ न दिसणाऱ्या बारीक कणांच्या रूपाने पाण्यातच आहे, हे तिने स्वतः शोधून काढले होते. काट्यावर २२० आकडा आला तेव्हा बाकीच्या मुलांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरलेलो नाही. या मुलीला नववीपर्यंत थांबवून आपण काय साधणार होतो?

थांबण्याची किंमतही मोजावी लागते. आपण काही शिकवले नाही म्हणून मुलाचे डोके रिकामे राहत नाही. ते स्वतःच्या समजुती तयार करते आणि त्या घट्ट होत जातात. उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे असतात, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी वेगवेगळ्या वयांच्या मुलांना विचारला होता, आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अनेक मुलांचे उत्तर हवा असे होते, तर अनेकांचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे. हे दुसरे उत्तर मी नववीच्या वर्गांत वारंवार ऐकले आहे, आणि ते देणारी मुले बहुधा तीच असत, ज्यांना पाण्याचे रासायनिक सूत्र लहानपणापासून तोंडपाठ होते. सूत्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहेत, म्हणून उकळल्यावर तेच बाहेर पडत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. भाताच्या तपेलीवरचे झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूला जमलेले पाण्याचे थेंब दाखवल्याखेरीज तो हिशेब सुटत नाही. पाण्याचे रेणू, म्हणजे अणू जोडून झालेले पाण्याचे कण, एकमेकांपासून दूर जातात, पण त्यातला प्रत्येक रेणू अखंड राहतो, ही गोष्ट सूत्राच्या आधी कळायला हवी होती.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. इलेक्ट्रॉनांच्या कक्षा, त्यांतील २, ८, ८ ची मांडणी आणि संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) यांचा सातवीत काही उपयोग नाही, आणि काही खासगी शिकवण्यांत त्या वयात हे घोकून घेतले जाते त्याबद्दल संदेशकर्त्याने व्यक्त केलेला राग योग्य आहे. या वयात कण आहेत, ते सतत हलतात, त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते, आणि त्या जागेत हवासुद्धा नसते, एवढे नीट समजले तरी पुष्कळ झाले. त्यासोबत तांब्याचा एकटा अणू तांबूस नसतो आणि पाण्याचा एकटा रेणू ओला नसतो, हेही शिक्षकाने आठवणीने सांगावे, कारण चित्रात आपण तांब्याचे गोळे तांबूस रंगवतो आणि मूल ते खरे धरते.

आता पाढ्यांसारख्या पाठांतराविषयी. मूलद्रव्यांची यादी म्हणजे बे एके बे नव्हे. ती चुका सुधारत सुधारत घडत गेली आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या १७८९ च्या यादीत ३३ नोंदी होत्या, त्यांत प्रकाश आणि उष्णता होत्या, आणि चुनाही होता, कारण चुन्याचे आणखी तुकडे करणे तेव्हा कोणालाच जमले नव्हते. आपल्याकडे शिंपले भाजून जो चुना करीत, तोच हा चुना. १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी त्यातून कॅल्शियम वेगळे केले आणि त्याचे मूलद्रव्यपण संपले. मूलद्रव्य म्हणजे काय, हे मुलाला व्याख्येपेक्षा या एका हकिगतीने अधिक कळते. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांची आपली सारणी मांडताना न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा रिकाम्या ठेवल्या, आणि १८७५ साली सापडलेले गॅलियम त्यांतल्या एका जागेत जाऊन बसले. ज्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते शोधले, त्याने त्याची घनता ४.७ मोजली होती. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे असे कळवले, आणि धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती ५.९ च भरली. हे गॅलियम सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे मे महिन्यात आपल्या वर्गातल्या टेबलावर ते घन राहणार नाही.

आणि पाठ करायला दिलेल्या वीस नावांत लोह येतच नाही, कारण त्याचा क्रमांक २६ आहे! ज्या तालुक्यांतून खनिजाचे ट्रक वर्षानुवर्षे धावले, जिथल्या चिऱ्यांचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे आहे, तिथल्या मुलाला बेरिलियम पाठ असावे आणि लोह नसावे, हे मला पटत नाही. डिचोलीच्या मुलाच्या हातात हेमटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा, खडा द्यावा. शुद्ध हेमटाइटच्या १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ७० ग्रॅम लोह आणि ३० ग्रॅम ऑक्सिजन असतो, मग तो खडा डिचोलीचा असो की ऑस्ट्रेलियाचा. आपण श्वासाबरोबर घेतो तो ऑक्सिजन या जड दगडात आहे, हे ऐकल्यावर मूल थबकते, आणि संयुग, म्हणजे मूलद्रव्ये जोडून झालेला पदार्थ, हा शब्द शिकवण्याची वेळ हीच असते. खाणीतला खडा बहुधा शुद्ध नसतो, त्यात माती आणि सिलिका मिसळलेली असते, हे सांगितले की मिश्रण आणि संयुग यांतला भेदही त्याच खड्यावर दाखवता येतो.

प्रयोगशाळेच्या मुद्द्याला मोठे उत्तर लागत नाही. वर सांगितलेल्या एकाही प्रयोगाला प्रयोगशाळा लागली नाही. औषधाच्या दुकानातून सुईविना पिचकारी आणावी, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबावा; हवा दबते, पाणी दबत नाही. एक वाटी हरभऱ्यात एक वाटी रवा मिसळला तर दोन वाट्या भरत नाहीत, कारण रवा हरभऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरतो. तसेच ५० मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले तर १०० भरत नाही, ९६-९७ च्या आसपास भरते. हा शेवटचा प्रयोग शिक्षकाने स्वतःच्या हाताने करावा.

राहिला भाषेचा मुद्दा. फक्त इंग्रजी शब्द दिले की गोंधळ मिटतो, असे म्हणणाऱ्याने आपल्या गावच्या मुलाला "कंपाउंड" म्हणजे काय ते विचारावे. तो घराभोवतीच्या गडग्याकडे बोट दाखवील. "सॉल्यूशन" म्हणजे त्याच्या लेखी गणिताचे उत्तर, आणि "मिक्स्चर" बेकरीत पुडीत बांधून मिळते. याउलट मूलद्रव्य या शब्दात मूळ आणि द्रव्य दोन्ही ऐकू येतात, आणि संयुगात जोडणे आहे हे योग, संयोग हे शब्द वापरणाऱ्या मुलाला फार समजावावे लागत नाही. परीक्षा इंग्रजीतून आहे म्हणून इंग्रजी शब्द आलेच पाहिजेत, पण अर्थ मनात बसल्यानंतर त्यावर दुसरे नाव चढवायला वेळ लागत नाही.

गोंधळ खरोखर होतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. मराठीत अ‍ॅटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हणतात. हिंदीत अ‍ॅटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. आपली मुले घरी मोबाइलवर हिंदी चित्रफिती पाहून अभ्यास करतात, आणि "पानी का अणु" ऐकून दुसऱ्या दिवशी वहीत पाण्याचा अणू लिहितात. त्या मुलाला समजलेले नाही असा शेरा आपण मारतो, पण त्याने ऐकले तेच लिहिलेले असते. म्हणून धड्याच्या पहिल्याच दिवशी मी फळ्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तीन रकाने आखत असे, त्यांत हे शब्द समोरासमोर लिहीत असे, आणि कंपाउंडच्या शेजारी एक छोटा गडगा काढून त्यावर फुली मारीत असे. तो तक्ता मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर वर्षभर राहत असे.