‘जशी आहे तशी’ म्हणे!

जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. डॉक्टरांची नाहीतर बँकेतल्या मॅडमची. फर्स्ट ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, शोरूम मेंटेन. (एवढे डॉक्टर दर तीन वर्षांनी गाड्या विकत असतील, तर दवाखाने चालवतं कोण?) आणि महिनाभरात तीच गाडी खंबाटकीच्या चढाला धूर ओकत उभी राहिली, की डीलर पावती पुढे करतो. ‘गाडी जशी आहे तशी घेतली, नंतर तक्रार चालणार नाही.’ खाली आपली सही.

या एका ओळीला लोक इतके भितात की पुढे काही करतच नाहीत. तिथेच डीलर जिंकतो.

त्या ओळीला काहीच किंमत नाही, असं नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत हीच मूळ अपेक्षा आहे. गाडी तपासून घेतली असेल, तर तपासणीत दिसायलाच हवे होते असे दोष नंतर उकरता येत नाहीत. टायर गुळगुळीत होते म्हणून भांडू नका. पण मीटर मागे फिरवणं, अपघात किंवा पुराचं पाणी लपवणं याला ‘जशी आहे तशी’चं कवच मिळत नाही. ती फसवणूक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाही.

माझ्या मामेभावाने पुण्यातल्या एका डीलरकडून डिझेल गाडी घेतली. मीटरवर बासष्ट हजार. थोड्याच दिवसांत इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये जायला लागला. गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चिकट थर. पाणी ऑइलमध्ये उतरलेलं, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं. “खोलू का इंजिन?” त्याने विचारलं. भावाने थांबवलं, तेच शहाणपण. एकदा इंजिन खोललं आणि जुने पार्ट भंगारात गेले, की दोष आधीचा होता हे सिद्ध कशाने करणार? आधी फोटो, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी, लेखी जॉब कार्ड. तिथल्याच जुन्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीचं रीडिंग निघालं: एक लाख अठरा हजार! तोवर ‘साहेब, मशीन आहे, बिघडणारच’ म्हणणारा डीलर वकिलाची नोटीस गेल्यावर अर्ध्या खर्चाला तयार झाला. भावाने घेतले पैसे. मला आजही ते पटलेलं नाही.

कारण पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून बघता येतो. अट एकच, समोरचा व्यापारी हवा. शेजारच्या काकांकडून थेट गाडी घेतली असेल तर हा रस्ता सहसा बंद, मग दिवाणी न्यायालय. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी जपून ठेवा. तोंडी ‘डॉक्टरांची गाडी’ आयोगापुढे उभी राहत नाही.

पुराच्या गाडीची शंका असेल, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळीच्या आत राहिलेली गाळाची रेघ बऱ्याचदा तशीच असते. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका.

माझा खरा राग पुराव्याच्या ओझ्यावर आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने जुन्या गाडीलाही संरक्षण आहे. पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला आणि दुरुस्ती मागितली, तर तो विक्रीच्या वेळी नव्हता हे डीलरने दाखवायचं. आपल्याकडे तज्ज्ञ शोधा, अहवाल आणा, तारखा घ्या, हप्ते भरा, आणि तोवर गाडीला हातही लावू नका. सगळं गिऱ्हाइकाने.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर ते मागून बघा आणि चेहरा न्याहाळा. गाडी डीलरच्या ताब्यात आली की परिवहन खात्याच्या पोर्टलवर तशी नोंदही करायची असते. मग त्याच नोंदीला मीटर रीडिंग, अपघात, पूर आणि इंजिनकाम यांचं डीलरच्या सहीचं एक पान का जोडू नये? सही फक्त आमचीच का?