इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर? थांबा, भाऊजी

"काढा ते इंजेक्शन, बसवा जुना कार्ब्युरेटर! अ‍ॅव्हरेज वाढेल, सेन्सरची कटकट संपेल, इथेनॉलचा त्रास नाही, पीयूसीही आरामात पास." हा मेसेज महिनाभर फोनमध्ये फिरतोय. इंजेक्शन म्हणजे कॉम्प्युटरनं मोजून पेट्रोल फवारणारी सिस्टिम; कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीनं पेट्रोल मिसळणारं जुनं भांडं. मी सोडून देत होतो. परवा भाऊजींनी तोच पाठवला आणि खाली लिहिलं, "अ‍ॅडव्हान्स देऊन आलो." गाडी 2006ची वॅगनआर. एकवीस वर्षं गॅरेज चालवणारा साळा घरात असताना!

मेसेजमध्ये फ्युएल पंपाबद्दल एक अक्षर नाही, आणि जिवावर बेतणारी गोष्ट तीच आहे. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला इलेक्ट्रिक पंप साधारण 3 किलो प्रेशरनं पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरला पाव किलो पुरतं. आत फ्लोटवर (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्यावर) टेकलेली चिमुकली नीडल पेट्रोल अडवते. 3 किलोपुढे ती काय अडवणार? दोन वर्षांपूर्वी नागपूरजवळच्या वाडीकडून एक गाडी टोचन करून माझ्याकडे आली. कोणीतरी जुनाच पंप ठेवून वर कार्ब्युरेटर बसवला होता. बॉनेट उघडून चावी फिरवली, तर कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल उतू जाऊन खाली एक्झॉस्टवर टपटपायला लागलं. इंजिन थंड होतं म्हणून वाचलो. मालक मात्र निवांत: "थोडं ओव्हरफ्लो मारते, बाकी पिकअप जबरदस्त हाय न बाप्पा!"

आता पीयूसी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 115 उघडा. भारत स्टेज 2 आणि 3 या धुराच्या नियमांतल्या पेट्रोल कारला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बनची 750 पीपीएम आहे. त्याआधीच्या गाड्यांना 3 टक्के चालतात, कारण त्यांच्याकडून तेवढंच होतं. 2006च्या गाडीला ती सूट नाही. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याला, पेट्रोल-हवेचं मिश्रण अगदी मोजून लागतं. कार्ब्युरेटरवर ते जरा रिच झालं, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं तर चक्क उलटं सांगितलंय. इथेनॉल स्वतःसोबत ऑक्सिजन आणतं, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं भोक, ते आपोआप मोठं होत नाही. वर आपला नवतपा, उन्हाचे ते नऊ कडक दिवस! बर्डीच्या ट्रॅफिकमधून येऊन गाडी बंद केली की फ्लोटच्या वाटीत पेट्रोल उकळायचं, मग अर्धा तास सेल्फ मारत बसा. जुन्या मारुती 800वाल्यांना विचारा.

अ‍ॅव्हरेज? उतारावर पाय काढला की इंजेक्शन पेट्रोल तोडतं. साधा कार्ब्युरेटर पाजतच राहतो. पुढे.

एक मान्य करतो, नाइलाजानं. कार्ब्युरेटर रस्त्यात स्क्रूड्रायव्हरनं खोलता येतो, ईसीएम नाही. परदेशात 1970च्या आसपासच्या इंजेक्शन गाड्यांचे पार्ट मिळेनासे झाले तेव्हा लोकांनी वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर बसवलेही. पण पंप बदलून आणि टायमिंगची सोय लावून. बहुतेक एमपीएफआय, म्हणजे अशा इंजेक्शनच्या, गाड्यांत प्लगला ठिणगी कधी द्यायची हेही ईसीएमच ठरवतो. तो काढून फेकला तर ठिणगी काय भाऊजी देणार? आणि वॅगनआरचे पार्ट नागपुरात मिळतात, हो!

भाऊजींची गाडी मिसिंग मारत होती ती उंदरांमुळे. सेन्सरची वायर कुरतडलेली निघाली. जोडून टेप गुंडाळली, वीस मिनिटांचं काम. अ‍ॅडव्हान्सचे दोन हजार काही परत मिळाले नाहीत, आणि ताईला ते अजून ठाऊक नाही.