कनेक्शन म्हणे!

ओझरहून थेट विमानं मोजक्याच शहरांना, म्हणजे नाशिककराच्या नशिबी कनेक्शन (वाटेत विमान बदलणं) आलंच. आणि स्वस्त तिकिटावर ठळक काय, तर 'लंडन, थांबा 5 तास'. उतरायचं हीथ्रोला आणि पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून, हे मात्र एलएचआर, एलजीडब्ल्यू अशा बारक्या कोडांत दडवलेलं! मध्ये 65-70 किमी रस्ता. मोकळा असला तर बसने सव्वा तास. लंडनभोवतीचा एम25 महामार्ग तुंबला की बसा बोंबलत. त्याआधी इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे व्हिसा हवा. आतल्या आत विमान बदलण्यापुरता असतो तो ट्रान्झिट व्हिसा इथे चालत नाही. बॅगा पट्ट्यावरून उचला, पुन्हा काउंटरवर द्या. दोन तिकिटं वेगळ्या पीएनआरवर असली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी सरळ हात वर करते.

आता हे दुखणं मुंबईतही. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबईच्या नव्याचा एनएमआय, शोधताना दोन्ही 'मुंबई'च. मध्ये वाशीचा खाडीपूल आणि संध्याकाळची गर्दी. (जुन्याच विमानतळाच्या टी1 टर्मिनलवरून टी2 ला सुद्धा रस्त्यानेच जावं लागतं, ते वेगळंच.) एजंटला विचारा, 'होऊन जातं ओ!' अहो, बॅग-ड्रॉप तासभर आधी बंद होतो, कसं होऊन जातं?