मगरीच्या तोंडाआधी काड्यांची जुडी

‘मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते, ही युक्ती दिली की मुलं लहान-मोठेपणा आपोआप शिकतात’ हे संख्यांचा लहान-मोठेपणा शिकवण्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. त्यातून लहान-मोठेपणाचं चिन्ह शिकवलं जातं, संख्या नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. ‘एकोणचाळीस आणि पंचेचाळीस, मोठी कोणती?’ असं तोंडी विचारलं, तर निम्मी पाटी ४९ > ४५ अशी येते. मगरीचं तोंड बरोबर उघडलेलं असतं, पण कानावर ‘चाळीस’ पडलं म्हणून लेकरानं ३९ चे ४९ केलेले असतात!

मराठीतली ही ‘एकोण’ची अडचण लेखात कुठंच नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’सारखं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण वर्गात मला त्याचा उपयोगच झाला. त्याहून जास्त उपयोग तुराट्यांचा. तूर निघाली की गावात त्यांना काय तोटा! दहा-दहा काड्यांच्या जुड्या सुतळीनं बांधायच्या. तीन जुड्या नऊ सुट्या, शेजारी चार जुड्या पाच सुट्या. आधी जुड्या बघायच्या, सुट्या नंतर. परवा एक पोरगी सुट्या काड्या मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, “म्याडम, एक काडी कमी हाय, म्हणून चाळीस नाई झाले.” ‘एकोण’चा अर्थ मी तोवर सांगितलाही नव्हता. चिन्ह मी त्यानंतरच्या आठवड्यात घेतलं.