सगळ्यांशीच फ्रेंडली

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण वेरूळ पाहायचंच म्हणून ती हटून बसली. परभणीहून एका दमात जमायचं नाही, म्हणून वाटेवरचं एक पॉश रिसॉर्ट धरलं. फोनवर विचारलं, "व्हीलचेअर फ्रेंडली आहे ना?" पलीकडून गोड आवाज, "सर, आम्ही सगळ्यांशीच फ्रेंडली असतो." तिथंच ओळखायला पाहिजे होतं.

दारात ओवाळलं, झेंडूची माळ घातली, थंडगार सरबत दिलं. आईनं दोन ग्लास घेतले. (हे ध्यानात ठेवा.) समोर संगमरवरी पायऱ्या. तीनच, पण तीनही चकचकीत. चार तगडी पोरं खुर्चीला हात घालायला धावली तशी आई कडाडली, "कामून रे? चौघांनी उचलायला मी मेले का?"

पोरं मागं सरली. एकजण हळूच म्हणाला, "मागून रॅम्प आहे की. सामानाचा."

रॅम्पचा हिशेब असा, की एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब पाहिजे. इथं दीड फुटाला अठरा हवे होते, यांनी चारात भागवलं होतं. दोघं पुढून ओढायलेत, मी मागून रेटायलोय. पुढं लॉन्ड्री, गॅसच्या टाक्या आणि एक काळोखा बोळ. देवगिरीवर शत्रूला चकवायला अंधारी केलीय, इथं पाहुण्यांसाठी होती.

बोळ उघडला तो थेट भटारखान्यात. आईनं खुर्ची थांबवली, आमटी चाखली आणि आचाऱ्याला सुनावलं, "येसर भाजायला घाई केलीस बाबा." तो बिचारा लगेच मावशी म्हणायला लागला. अख्ख्या रिसॉर्टात खरं आदरातिथ्य काय ते तेवढंच.

खोलीत टॉवेलचे दोन हंस माना वळवून बसलेले. बाथरूमचं दार २४ इंच, खुर्ची २५.

मॅनेजरनं टेप आणून तीनदा मोजलं. "बांधकाम जुनं आहे सर."

"कधीचं?"

"२०१९."

दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा. आठव्या शतकात अखंड डोंगर वरून खाली कोरत कैलास लेणं काढणारी माणसं इथलीच. यांना दाराचा एक इंच कोरवेना.

"सर, स्पामधलं दार मोठं आहे," तो उजळला. "सकाळी आठला उघडतं."

आईनं घड्याळ पाहिलं. साडेनऊ. मग त्याच्याकडं.

"बाबा, दोन ग्लास सरबत पी, अन् तू धरून दाखव बरं आठपर्यंत."